सरनोबतांची सून गॅलरीत

“आत्ती, शिंपिणीकडं जाऊन येतो. ब्लाउजचं माप द्यायचंय.”

कोल्हापुरात आम्ही बायकाही बोलताना ‘येतो-जातो’च म्हणतो, त्यामुळं त्यात वावगं काही नव्हतं. वावगं एवढंच होतं, की तो रविवार होता, दुपारी चारला करवीर चषकाची फायनल होती आणि माझ्या पर्समध्ये पिवळी टोपी होती.

सासूबाई परातीत तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, “गेल्या रविवारी दिलं न्हवतंस माप?”

गेल्या रविवारी सेमीफायनल होती.

“दिलं होतं. ते बिघडलं.”

“माप बिघडलं?”

“ब्लाउज बिघडला.”

“बरं,” त्या म्हणाल्या. “जा. पर मामांच्या खोलीवरनं जाऊ नको. आत्ताच डोळा लागलाय त्यांचा.”

मामा म्हणजे माझे सासरे, दत्ताजीराव सरनोबत. सबंध गाव त्यांना सरनोबत सर म्हणायचं. प्रबोधन कॉलेजात त्यांनी जन्मभर क्रीडाशिक्षकाची नोकरी केली. नोकरीतून निवृत्त झाले, पण मैदानातून झाले नाहीत. प्रबोधनची फुटबॉलची टीम तेच घडवत होते. मग दिवाळीनंतर त्यांच्या छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात नेलं, अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी सांगितलं, जिना हळू चढा, मीठ कमी खा, आणि स्टेडियमचं तोंड बघू नका. पहिल्या दोन गोष्टी मामांनी मुकाट्यानं ऐकल्या. तिसरी ऐकली तेव्हा ते भिंतीकडं तोंड करून झोपले. टीम त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्याकडं गेली. नव्या कोचचं नाव घरात कुणी काढायचं नाही, असं ठरलं.

त्या दिवशीच्या फायनलला प्रबोधन होतं. समोर हिंदवी कॉलेज होतं.

आणि मी हिंदवीची.

तिथं शिकले म्हणून हिंदवीची, इतकं ते साधं नव्हतं. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षी कॉस्टिंगचा पेपर आणि हिंदवीची सेमीफायनल एकाच दिवशी आली, तेव्हा मी वडिलांना समजावून सांगितलं होतं, की पेपर ऑक्टोबरात पुन्हा देता येतो, सेमीफायनल देता येत नाही. त्यावर वडील जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. पदवी झाली, बँकेत चिकटले, तरी पिवळ्या-काळ्या जर्सीची मॅच मी चुकवली नाही. दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारायचे, की पुढच्या तीन रांगा कानावर हात ठेवायच्या. माझी पक्की खात्री होती, की या शिट्टीनं हिंदवीला मॅचेस जिंकून दिल्यात. शिट्टी मारली आणि समोरच्याचा फटका चुकला, असं कितीतरी वेळा झालं होतं. शिट्टी मारली आणि गोल बसला, असं किती वेळा झालं, ते मी कधी लक्षात ठेवलं नाही.

शिवाय मी घोषणा रचायचे. माझी सगळ्यात गाजलेली घोषणा अशी होती:

‘सरनोबत सर, सरनोबत सर, पाटी पुसा नि चला घर!’

त्यावर तीन टाळ्या. हिंदवीची सगळी गॅलरी ती म्हणायची. प्रबोधनच्या बाकावर पांढरी टोपी घालून बसलेले ते उंच गृहस्थ ऐकून खचत असणार, या कल्पनेनं मला फार बरं वाटायचं. हे गृहस्थ पुढं माझे सासरे होणार आहेत, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी एवढं अवघड यमक जुळवलं नसतं.

स्थळ आलं ते असं: मुलगा इंजिनियर, निर्व्यसनी, नाव धैर्यशील. आडनाव मी वडिलांना दोनदा सांगायला लावलं. बघायच्या कार्यक्रमात मामांनी एकच प्रश्न विचारला, “कॉलेज कुठलं तुझं?”

“हिंदवी.”

“असू दे,” ते म्हणाले. एखादीला थोडं कमी ऐकू येतं म्हटल्यावर म्हणतात तसं.

धैर्यशीलला मी एकांतात विचारलं, तुम्हाला फुटबॉल आवडतो का. तो म्हणाला, “नाही. मला झोप येते.” मी लगेच होकार दिला.

तर लग्नाला सहा-सात महिने झाले होते आणि घरात मी कुठल्या टीमची, हे कुणी विचारलं नव्हतं, मीही सांगितलं नव्हतं. माडीवर आमच्या खोलीत धैर्यशील मटण जेवून घोरत होता. मामांच्या खोलीतून काही आवाज नव्हता. आत्तींनी त्यांचा मोबाइल सकाळीच पिठाच्या डब्यात टाकला होता आणि घरच्या फोनचा रिसीव्हर काढून बाजूला ठेवला होता. तडजोड म्हणून टीव्हीवर केबलची मॅच बघायची परवानगी होती, पण आवाज बंद ठेवून. “बघा की, पोरं पळताना दिसत्यात. बास तेवढं,” असं त्या म्हणाल्या होत्या.

मी चप्पल हातात घेऊन बाहेर पडले आणि कोपऱ्यावर जाऊन ती पायात घातली.

स्टेडियम खच्चून भरलं होतं. माझी जुनी टोळी नेहमीच्या जागी होती. त्यांनी याही रविवारी माझं असं स्वागत केलं, जसं शत्रूच्या तुरुंगातून सुटून आलेल्याचं करतात. पहिला अर्धा तास मी शहाण्यासारखी बसले. टोपी डोळ्यांवर, पदर नाकापर्यंत. कारण केबलच्या कॅमेरावाल्याला गॅलरीत बाईमाणूस दिसलं की मैदान दिसत नाही, हे मला ठाऊक होतं.

मग प्रबोधननं गोल केला. मी पदर खाली केला. मध्यंतरानंतर हिंदवीनं फेडला. टोपी कुठं गेली ते मला आजही माहीत नाही. त्यानंतर मला एवढंच आठवतं, की मी बाकावर उभी होते आणि दोन्ही हात वर करून म्हणत होते, “सरनोबत सर, सरनोबत सर!” आणि मागून चार-पाचशे माणसं म्हणत होती, “पाटी पुसा नि चला घर!” सर घरीच होते, ही गोष्ट माझ्या डोक्यातून पार गेली होती.

वेळ संपली, एक-एक अशी बरोबरी राहिली. टायब्रेकर.

पाच-पाच फटके. हिंदवीचा तिसरा फटका प्रबोधनच्या गोलकीपरनं अडवला आणि मी शेजारणीच्या दंडाला एवढ्या जोरात धरलं, की ती किंचाळली. प्रबोधनचा चौथा आमच्या गोलकीपरनं अडवला. आमचे चार झाले, त्यांचे तीन, आणि त्यांचा शेवटचा फटका उरला. तो मारायला त्यांचा कॅप्टन आला. तौसिफ मुजावर. बारीक चणीचा, कुरळ्या केसांचा पोरगा. सरनोबत सरांचा लाडका. त्यानं बॉल ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला आणि मागं सरकला.

मी बोटं तोंडात घातली, छातीत होती नव्हती ती हवा भरली आणि जन्मात मारली नव्हती अशी शिट्टी मारली.

मग एकदम गर्जना. पिवळी टोपी, काळा झेंडा, कुणाची तरी कोपरं आणि गुलाल. हिंदवी जिंकली होती. मी रडत होते, हसत होते आणि शेजारच्या एका अनोळखी आजोबांच्या गळ्यात पडले होते.

हा आनंद मला साधारण रिक्षा स्टँडपर्यंत पुरला.

रिक्षात बसल्यावर मला मामा आठवले. पहिल्यांदा डॉक्टर आठवले, ‘कुठलाही धक्का नको’ म्हणणारे, आणि मग मामा. कोपऱ्यावर उतरून नळावर मी तोंड खसाखसा धुतलं, केस विंचरले, चेहरा शिंपिणीकडून आल्यासारखा केला. आमची गल्ली सगळी प्रबोधनची. एरवी रविवारी संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते, त्या दिवशी कट्ट्यावर एक कुत्रं होतं, तेही गप्प.

मामा अंगणात बाजेवर बसले होते. हात मांडीवर, नजर फाटकाकडं.

“आलीस?”

“आलो.”

“काय म्हणाली शिंपीण?”

“माप घेतलं.”

“गुलाल लावून?”

माझा हात आपोआप कानामागं गेला. बोटं गुलाबी झाली.

“बस,” ते म्हणाले.

मी बाजेसमोरच्या पायरीवर बसले. आत स्वयंपाकघरात आत्तींचं थापणं थांबलं. ऐकू यावं म्हणून थांबलं, हे मला कळलं.

“टीव्हीवर दिसलीस. दोनदा. एकदा बाकावर उभी होतीस. हिनं आवाज बंद ठेवलेला, पण तोंड बघितलं की काय म्हणालंय ते कळतंय. ती घोषणा तू म्हणत होतीस, का म्हणवून घेत होतीस?”

“म्हणवून घेत होतो.”

“आन् केली कुणी ती?”

मी पायरीवरच्या मुंग्या बघत राहिले. “मीच. कॉलेजात असताना.”

मामांनी ते शब्द बोटांवर मोजून बघितले. मी मनातल्या मनात माहेरी जाणारी बस किती वाजता सुटते ते आठवत होते.

“यमक बरं हाय,” ते म्हणाले. मग हळूच, “हरलो न्हवं?”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“गल्ली गप्प हाय की. जिंकलो असतो तर पोरांनी मला ह्या बाजेसकट उचलून नेलं असतं.” त्यांनी पाय वर घेऊन मांडी घातली. “निकालाचं राहू दे. टायब्रेकर सुरू झाला आन् लाइट गेली बघ. कायच दिसलं न्हाई. तू होतीस तिथं. सांग मला, पहिल्या फटक्यापास्नं.”

“सांग,” आतून आत्तींचा आवाज आला, “पर हळू सांग. वरडायचं न्हाई.”

टायब्रेकर हळू आवाजात सांगणं किती अवघड असतं, ते मला त्या दिवशी कळलं. आजाऱ्याच्या उशाशी बसून पोथी वाचावी तसं मी सुरू केलं.

“आमच्या पहिल्यानं मारला. गोल.”

“कुठं मारला?”

“गोलात.”

“गोल काय कोनाडा हाय? आठ यार्ड रुंद असतोय. कुठल्या बाजूला मारला?”

“ह्या... ह्या बाजूला,” मी एक हात वर केला.

“आन् माझा गोलकीपर कुठं पडला?”

“तो... पडला.”

मामांनी माझ्याकडं नीट बघितलं. “बरं. पुढं?”

असं ते चाललं. तिसरा फटका कुठल्या हातानं अडवला, चौथ्याला आमच्या गोलकीपरनं आधी उडी मारली का नंतर, असे प्रश्न ते विचारत होते आणि मी आठवत होते. आठवायला गेलं की मला माणसं दिसायची. शेजारणीचा दंड, पुढच्या रांगेतला ढोलवाला, झेंडा. मैदानातलं म्हणून जे आठवत होतं ते सगळं पिवळं होतं. एवढी वर्षं मी बॉल बघतेय, असा माझा समज होता.

“आता शेवटचा,” मामा म्हणाले. त्यांनी दोन्ही हात बाजेच्या कडेवर टेकवले होते. “तौसिफचा. तो नीट सांग.”

मी पुन्हा मुंग्यांकडं बघितलं.

“त्यानं बॉल ठेवला. पुन्हा उचलून ठेवला.”

“हं. सवयच हाय त्याला.”

“मागं गेला. पळत आला आणि मारला. डाव्या पोलला लागला आणि बाहेर गेला.”

“डाव्या?”

“डाव्या.”

मामा उठून उभे राहिले. “तौसिफ डावीकडं मारत न्हाई. तीन वर्षं मी त्याच्याकडनं उजवा कोपरा घोटून घेतलाय. झोपेत मारायला लावला तरी उजवीकडं मारंल. थांब.”

ते आत गेले आणि कपाटावरचा हवा गेलेला जुना बॉल घेऊन आले. अंगणात शेवंतीच्या दोन कुंड्या होत्या, त्या त्यांनी पायानंच लांब सरकवल्या आणि मध्ये जाऊन उभे राहिले. वर बनियन, खाली पायजमा, छातीवर औषधाची पट्टी.

“हं. तू तौसिफ. कसा पळाला ते दाखव.”

“मामा, डॉक्टरनी...”

“मी नुसता उभा ऱ्हातो. दाखव तू.”

मी साडीचा पदर खोचला आणि तो फुसका बॉल ठेवला. एकदा खोटं बोललं की पुढचं खोटं आपोआप सुचत जातं. मी चार पावलं पळाले आणि मध्येच थबकले. का थबकले ते मलाच माहीत नव्हतं, बहुतेक साडीमुळं.

“थांबला होता मध्ये?” मामांनी झटकन विचारलं.

“थोडासा,” मी म्हणाले.

“थांबला! मग बरोबर. थांबला म्हणजे मनात दोन इचार आले.” ते कुंड्यांमधून पुढं आले. त्यांचा आवाज चढला. “हे त्याला कुणीतरी सांगितलंय. नव्या कोचनंच. म्हणाला असणार, गोलकीपरला तुझी बाजू ठावं हाय, डावीकडं मार. आरं, पोरानं तीन वर्षं जे केलंय ते ऐन फायनलला बदलतंय कोण? हातातलं पोरगं घालवलं ह्यानं! मी उद्या सकाळी जातो आन् सगळ्या मैदानासमोर त्याला इचारतो...”

त्यांचा श्वास लागला होता. कपाळावर घाम आला. आत्ती पिठाच्या हातांनी धावत बाहेर आल्या. “आधी बसा! बसा म्हणतो न्हवं! वैजू, गोळी आण, उशाखाली हाय.”

मी गोळी आणली, पाणी आणलं. एक डावा पोल मी गंमत म्हणून नव्हे, अब्रू झाकायला उभा केला होता, आणि त्यावर आता एका चांगल्या माणसाचं कोचपद आणि मामांचं काळीज, दोन्ही आपटणार होतं. मामा, ऐका, असं मी म्हणणार तेवढ्यात फाटक वाजलं.

तौसिफ मुजावर उभा होता. अंगावर अजून निळी-पांढरी जर्सी, गुडघ्याला चिखल, डोळे सुजलेले. गल्लीतून एकटाच चालत आला असणार. त्यानं बूट फाटकाशी काढले आणि तिथंच उभा राहिला.

“सर,” तो म्हणाला, “चुकलो.”

“ये आत,” मामा बाजेवरून म्हणाले. “आधी मला सांग, डावीकडं मारायला तुला कुणी सांगितलं?”

“डावीकडं?”

“कोचनं सांगितलं न्हवं?”

“सर, मी उजवीकडंच मारला. तुम्ही शिकवलाय तिथंच.” तो गोंधळून आमच्याकडं बघत होता. “टेकवलेला पाय घसरला आन् बॉल बारवरनं गेला. पार गॅलरीत गेला. सगळ्या गावानं बघितलं.”

अंगणात तिघंजण माझ्याकडं वळले.

“बारवरनं,” मामा म्हणाले.

“व्हय सर.”

“पोलला न्हाई लागला?”

“पोलपास्नं लई लांब, सर.”

आता बोलण्याला इलाज नव्हता. “मामा,” मी म्हणाले, “मी डोळं मिटलं होतं.”

“काय?”

“शेवटच्या फटक्याला मला बघवत न्हाई. कॉलेजपास्नंच. शिट्टी मारतो आन् डोळं मिटतो. लोक वरडले की कुठल्या बाजूचे वरडले ते बघून उघडतो.” एकदा सुरू झाल्यावर मला थांबता येईना. “हिंदवीनं जिंकलेला एकबी टायब्रेकर मी शेवटपर्यंत बघितलेला न्हाई.”

सगळ्यात आधी तौसिफ हसला. त्यालाही ते अपेक्षित नव्हतं. हुंदका यावा तसं हसू आलं, त्यानं जर्सीच्या बाहीनं नाक पुसलं आणि पुन्हा हसला. मामा मात्र हसेनात. ते माझ्याकडं अशा नजरेनं बघत होते, की माहेरची बस मला पुन्हा आठवायला लागली.

“एवढ्या लांब जाऊन,” ते म्हणाले, “तिकीट काढून, डोळं मिटून बसलीस?”

“तिला कशाला बोलताय?” आत्ती मध्येच म्हणाल्या. हातावरचं पीठ झाडत त्या बाजेच्या टोकाला टेकल्या. “आपलं सांगा की. लाइट कुठं गेलती? माझा मिक्सर चालू होता. टायब्रेकर म्हटल्यावर ह्यांनी उठून टीव्हीचं बटण बंद केलं आन् हितं येऊन बसले. तवापास्नं बसल्यात, फाटकाकडं बघत.”

मामांनी घसा खाकरला. शेवंतीच्या कुंडीकडं बघितलं. “डॉक्टरनी सांगितलंय, ताण घेऊ नका.”

“डॉक्टर आत्ता आले. पंचवीस वर्षं मैदानात तरी काय करत होतासा? टायब्रेकरला बाकाखाली वाकून बुटाची नाडी बांधायचा. मला काय ठाऊक न्हाई?”

“सर?” तौसिफ म्हणाला.

“नाडी सुटायची माझी,” मामा म्हणाले, आणि मग त्यांनाच हसू आवरेना. छातीवर हात ठेवून ते हळूहळू, डॉक्टरांच्या परवानगीनं हसावं तसं हसले. आत्ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत हसत होत्या. मी पदर तोंडात धरला होता.

हसणं ओसरल्यावर माझ्या मनात उरलं होतं ते मी बोलून टाकलं. खरं सांगायचं तर त्यात निम्मी लाज होती आणि निम्मा अभिमान.

“तौसिफ, ती शिट्टी माझी होती. तू मारायला निघालास तेव्हाची.”

“कुठली शिट्टी, ताई?”

“ती मोठी. गॅलरीतनं. तुझा पाय घसरायच्या आधी.”

त्यानं आठवून बघितलं. मन लावून आठवलं, मला बरं वाटावं म्हणून. मग मान हलवली. “कायच ऐकू येत न्हाई ओ तिथं. बॉल ठेवल्यावर सगळं बंद हुतंय. आपलाच श्वास ऐकू येतोय, तेवढाच.”

“गॅलरी? घोषणा?”

“गॅलरी म्हणजे नुसती भिंत वाटतीया.”

मी मामांकडं वळले. “तुम्ही तरी? बाकावर बसून? पाटी पुसा?”

“न्हाई बा,” मामा म्हणाले. “आपली पोरं कुठं उभी हाईत हे बघण्यातच जीव असतोय. ती घोषणा मला पहिल्यांदा कळली ती गल्लीत. पोरं लपंडाव खेळताना म्हणायची. मला वाटलं, माझं नाव घालून खेळातलं गाणं केलंय.”

सात-आठ वर्षं. दोनदा सुजलेला घसा, कॉस्टिंगचा एक पेपर, आणि मैदानात ऐकायला कुणी नव्हतं. मी पायरीवर बसले. खरं तर मला वाईट वाटायला हवं होतं. पण डोक्यावर घेतलेलं एखादं ओझं आपलं नव्हतंच असं कळावं, तसं काहीतरी झालं. हिंदवी माझ्याशिवाय जिंकली होती. आधीही माझ्याशिवायच जिंकत आणि हरत आली होती.

आत्तींनी तौसिफला हातपाय धुवायला लावले आणि अंगणातच जेवायला बसवलं. तो नको नको म्हणत होता आणि पांढऱ्या रश्श्याच्या तीन वाट्या प्यायला. मामांच्या ताटात दुधी होता. ते त्याच्या वाटीकडं बघत जेवत होते आणि मधूनमधून विचारत होते.

“टेकवलेला पाय बॉलच्या किती मागं होता?”

“वीतभर, सर.”

“मग बॉल वरच जाणार. सकाळी ये. कोचला घेऊन ये. त्याला म्हणावं, मी बोलावलंय. चहाला.”

“व्हय सर.”

“आन् परीक्षा कधी हाय?”

तौसिफचा घास थांबला. “मंगळवारी. प्रॅक्टिकल.”

“मग हितं काय करतोयस? जेव आन् घरला जाऊन वाच.”

मी त्याला आणखी भात वाढला. जवळून तो फारच लहान दिसत होता. मिशी नुकती फुटलेली, हनुवटीवर चिखलाचा ठिपका. तीन वर्षं मी त्याला गॅलरीतून बघत होते आणि मला तो नेहमी दांडगा, आडमुठा गडी वाटायचा. “लिंबू देऊ?” मी विचारलं. तो “द्या की, ताई” म्हणाला. प्रबोधनच्या माणसाशी माझं झालेलं हे पहिलं धड बोलणं. सासरची माणसं सोडून.

तेवढ्यात जिना वाजला. धैर्यशील खाली आला. एका गालावर उशीची घडी उमटलेली, केस उभे. दुपारपासून सलग झोपला होता. दारात उभं राहून त्यानं आमच्याकडं बघितलं: चिखलाच्या जर्सीतला तौसिफ, बनियनवरचे वडील, कानामागं गुलाल असलेली बायको, अंगणात सरकवलेल्या कुंड्या आणि त्यांच्या मध्ये पडलेला फुसका बॉल.

“काय झालं?” त्यानं जांभई देत विचारलं. “आज काय होतं काय?”

मी मामांकडं बघितलं. मामांनी दुधीचा शेवटचा घास तोंडात घातला, सावकाश चावला, पाणी प्याले.

“काय न्हाई,” ते म्हणाले. “पोरं खेळली.”